धडगावला परीक्षा घ्यायला

नंदुरबार

नंदुरबारला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक आधी विचारतात, "ते नक्की कुठे आलं?" आणि मग, "तिथे कशाला?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. महाराष्ट्राचा नकाशा घ्यावा, वर डावीकडच्या कोपऱ्यात बोट ठेवावं, गुजरातेत गेलं तर थोडं मागे घ्यावं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र मला हे सगळं लिहावं लागणार आहे.

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, आणि अधूनमधून बाहेरगावी परीक्षक म्हणून जाते. सातपुड्यातल्या मुलींसाठी एक संस्था धडगावला नर्सिंगची शाळा आणि शेजारीच छोटा दवाखाना चालवते. नाव सांगत नाही. माणसं भली आहेत आणि मला तिथे पुन्हा जायचं आहे. त्यांनी आधी नंदुरबारला शिक्षिकांची एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती आणि मग वर धडगावला मुलींची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. कार्यशाळेचा विषय होता 'परिणामकारक फीडबॅक', म्हणजे विद्यार्थ्याला त्याचं काय बरोबर आणि काय चुकलं ते कसं सांगावं. वक्ते आणि मुख्य परीक्षक डॉ. रणदिवे. मी दुसरी परीक्षक, आणि कार्यशाळेपुरती त्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून देणारी.

डॉ. रणदिवे हे वैद्यकीय शिक्षणशास्त्रातलं मोठं नाव. रोगी तपासणं त्यांनी फार पूर्वी सोडलं, मग विद्यार्थी शिकवणंही सोडलं. आता ते शिकवणाऱ्यांना शिकवतात, आणि अलीकडे शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्यांनाही. या चढणीवर माणूस जसजसा वर जातो तसतसा खोकणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध कमी होत जातो.

नंदुरबारनं तो पहिल्याच सकाळी जोडून दिला. आम्ही गेलो ते दिवस मिरचीचे होते. गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर मिरची वाळत घालतात, त्याला तिथे पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर लाल. फोटोला फार छान, नाकाला नाही. आमचा मुक्काम नेमका पथारीच्या वाऱ्याला होता. डॉक्टरांनी खिडकी उघडून "काय फ्रेश हवा आहे" एवढं म्हटलं आणि त्यानंतर बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही.

संस्थेनं आम्हाला गाडी दिली होती. चालवणारे युवराजभाऊ तिथलेच, बोलणं अहिराणी. त्यांनी डॉक्टरांची अवस्था आरशात पाहिली आणि मला म्हणाले, "साहेबले मिरची लागनी वाटतं. दोन दिन शिंकतीन, मंग सवय व्हई जाई."

"आम्ही दोनच दिवस आहोत," मी म्हटलं.

"मंग शिंकतच ऱ्हातीन." आणि थोड्या वेळानं, "काय शिकाडाले उनात तुम्ही?"

"शिक्षिकांना. मुलींना कसं शिकवायचं ते."

युवराजभाऊंनी एक ट्रॅक्टर ओलांडला, विचार केला. "मास्तरीनसले बी शिकाडनं पडस? मंग पोरीसनं काय व्हई?"

कार्यशाळा चांगली झाली. म्हणजे वेळेवर सुरू झाली, वेळेवर चहा आला, आणि कोणी प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांनी शिंका आवरत सांगितलं, की फीडबॅक नेमका हवा, लगेच द्यायला हवा, आणि तो माणसाविषयी नसावा, कामाविषयी असावा. हे तिन्ही मला पटलं, आजही पटतं. मग पडद्यावर सँडविचचं चित्र आलं. खाली कौतुकाचा पाव, मध्ये टीका, वर पुन्हा कौतुकाचा पाव.

शाळेच्या प्राचार्या गावित मॅडम पहिल्या रांगेत होत्या. मूळच्या नवापूरकडच्या, बांधा लहान, आवाज त्याहून लहान. त्यांनी हात वर केला. "सर, आमच्या मुली पाव फारसा खात नाहीत. भाकरीवर चालेल का?"

विचारताना त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. डॉक्टरांनी "लोकल कॉन्टेक्स्ट, व्हेरी गुड" म्हणत ते टिपून घेतलं.

मग प्रात्यक्षिक. वसावे सिस्टर नावाच्या तरुण शिक्षिकेला त्यांनी उभं केलं, पाच मिनिटं वर्ग घेतल्यासारखं शिकवायला लावलं, आणि सर्वांसमक्ष तिला सँडविच दिलं. "तुमची तळमळ छान आहे. व्यक्तिमत्त्वावर थोडं काम करा. बाकी उत्तम."

चहाच्या वेळी वसावे सिस्टर माझ्याजवळ आल्या. "मॅडम, व्यक्तिमत्त्वावर काम म्हणजे उद्यापासून मी नक्की काय करू?"

"सरांना विचारा," मी म्हटलं.

"विचारलं. ते म्हणाले, रिफ्लेक्ट करा."

दुपारी आम्हाला शेवभाजी मिळाली, वर बोटभर लाल तर्री आणि बाजूला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पुण्यात जिला आम्ही झणझणीत म्हणतो ती भाजी इथे बाळंतिणीला देत असतील. मी घाम पुसत दोनदा वाढून घेतली. डॉक्टरांनी दहीभात मागवला. संध्याकाळी सगळ्या शिक्षिकांनी वक्त्यांविषयीचं मत लिहून दिलं. प्रत्येकीनं 'अतिउत्तम' लिहिलं होतं. फीडबॅक कसा नेमका हवा हे दिवसभर शिकवलेल्या माणसानं ते वाचलं आणि समाधानानं बॅगेत ठेवलं.

वर जाताना

सकाळी आम्ही धडगावला निघालो. प्रकाशा गावापाशी तापी ओलांडली. नदी हिवाळ्यात संथ, काठावर केळीचे आणि उसाचे मळे. तिथल्या एका गावात चहाला थांबलो. दुकानदाराचं घराणं गुजरातेतून कधीकाळी इथे आलेलं, घरात अजून गुजराती. चहाबरोबर त्यांनी न मागता गाठिया आणि तळलेली मिरची ठेवली. डॉक्टरांनी मिरचीकडे जुन्या वैऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

शहादा मागे पडलं की पपईच्या बागा संपतात आणि समोर सातपुडा उभा राहतो. घाट लागल्यावर बोलणं थांबलं. वळणं अशी, की जो रस्ता आपण चढून आलो तो तीन वेळा खाली दिसतो. उतारांवर सागाची निष्पर्ण झाडं, मध्येच एकेकटी घरं. पुण्यात दोन घरांमध्ये हात जाईल एवढीही फट सोडत नाहीत. इथे शेजाऱ्याला हाक मारायला डोंगर ओलांडावा लागेल. समोरून सामायिक जीप येत होत्या. आत किती माणसं आहेत हे कळत नव्हतं, कारण बाहेर लटकलेली माणसं आतली दिसू देत नव्हती.

डॉक्टर मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, रिफ्लेक्ट करतायत. मग त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि कड्याच्या कडेला जाऊन सकाळी नाश्त्यालाही मागवलेला दहीभात परत केला.

धडगाव

धडगाव म्हणजे डोंगरातलं तालुक्याचं ठिकाण. एक बाजाराचा रस्ता, सरकारी कचेऱ्या, जीपचा थांबा, आणि दुकानांतून पोत्यांनी भरलेला आमचूर. शाळा थोडी उंचावर. मुली पांढऱ्या गणवेशात रांगेनं उभ्या होत्या. वर्गात मराठीत शिकतात, वसतिगृहात एकमेकींशी पावरी किंवा भिली बोलतात, आणि परीक्षकाशी शक्यतो काहीच बोलत नाहीत.

परीक्षेचं काम असं होतं. दवाखान्यात खोकला झालेलं लहान मूल आलं, की त्याचे श्वास मोजायचे. अंगावरचं कापड वर करायचं, छाती-पोटाची हालचाल बघायची, घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट मोजायचं. श्वास ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर न्यूमोनियाचा संशय, मूल डॉक्टरांसाठी थांबवायचं. कमी असतील तर आईला घरची काळजी सांगून सोडायचं. दवाखान्याचे डॉक्टर त्या दिवशी दुपारनंतर येणार होते, त्यामुळे मुलींची ही मोजणी नाटकातली नव्हती. आयांना विचारून खरीच मुलं परीक्षेला घेतली होती.

आमच्या हातात गुण द्यायची यादी होती, डॉक्टरांनी स्वतः तयार केलेली. आत्मविश्वास, देहबोली, नजरेला नजर, संवादकौशल्य, व्यावसायिक वृत्ती. शेवटी कुठेतरी 'श्वास मोजले'.

सकाळच्या मुली बऱ्या गेल्या. मग सुमन पावरा आली. उंच, हाडकुळी, कपाळाला आठी. तिच्यासमोर एक तरुण आई होती, कडेवर काही महिन्यांचं बाळ. बाळाचा बाप मजुरीला गुजरातेत, होळीला येणार. सुमन तिच्याशी पावरीत बोलली. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, मलाही नाही. पण संवादकौशल्याला गुण मात्र आम्ही दोघांनी दिले. त्यांनी कमी, मी जास्त.

सुमननं मोजायला सुरुवात केली. मी नेहमीप्रमाणे एक प्रश्न विचारला, "बाळाचं वजन किती आहे?" तिनं सांगितलं. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "चला, वेळ संपली." तिनं एक आकडा सांगितला, मर्यादेच्या आतला. मी पाहिलं होतं, तिनं मिनिटभर मोजलं नव्हतं, अर्धं मोजून दुप्पट केलं होतं. मी तसं यादीवर कोपऱ्यात लिहिलं. आईला साधं औषध मिळालं आणि ती गेली.

परीक्षा संपल्यावर निकाल एकेकीला आत बोलावून सांगायचा होता. सुमन नापास होती. नापास म्हणजे पुढचे सहा महिने पुन्हा शाळेत. तिच्या गावाजवळच्या उपकेंद्रात संस्थेनं तिच्यासाठी धरून ठेवलेली जागा तेवढे दिवस रिकामी राहणार नव्हती.

डॉक्टर प्रेमानं म्हणाले, "सुमन, तुझी मेहनत छान आहे. कॉन्फिडन्स कमी पडतो, तू नजरेला नजर देत नाहीस. पण तुझ्यात पोटेन्शियल खूप आहे."

सँडविच ठेवलं गेलं. सुमननं त्याला हात लावला नाही.

"नापास का?" तिनं विचारलं.

"तेच सांगतोय. आत्मविश्वास."

"म्हणजे काय करू?"

"रिफ्लेक्ट कर. तू जा आता, पुढच्या मुलीला पाठव."

ती गेली नाही. बाकावर बसली. आवाज न चढवता म्हणाली, "कारण सांगा. तोवर मी जाणार नाही."

पुण्यात मुलगी नापास झाली तर आधी वडील येतात, मग काका, मग काकांचे वकील मित्र. ही एकटीच बसली होती, आणि माझ्या मते ती त्या तिघांना भारी होती. डॉक्टर लाल झाले. "हे शिस्तीत बसतं का?" त्यांनी गावित मॅडमना विचारलं.

"सर, काल तुम्हीच सांगितलंत, विद्यार्थ्यानं फीडबॅक मागितला पाहिजे," गावित मॅडम लहान आवाजात म्हणाल्या. "आणि नजरेचं म्हणाल तर आमच्याकडे मुलगी मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघत उभी राहिली, तर ती भांडायला आली असं समजतात."

"आत्ता बघतेय ना," डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं. सुमन आता सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

इथे मी पुढे सरसावले. दीड दिवस डॉक्टरांना मनातल्या मनात हसून मला जरा उंचावर गेल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "सुमन, मी सांगते. तू पूर्ण मिनिट मोजलं नाहीस. अर्धं मोजून दुप्पट केलंस. बाळाचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून तसं चालत नाही." नेमका, कामाविषयीचा फीडबॅक. आदर्श नमुना म्हणून पडद्यावर दाखवावा असा.

"मी मोजत होते," सुमन म्हणाली. "तुम्ही मधेच वजन विचारलं. मी वजन सांगितलं, आकडा गेला."

"मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

"मोजायला लागले होते. सर म्हणाले, वेळ संपली."

मी मोजणाऱ्या मुलींना प्रश्न विचारते, पुण्यातही विचारते, आणि त्याला दडपणाखाली काम करण्याची चाचणी म्हणते. मला माझी यादी उलटी करून ठेवावीशी वाटली.

सुमन उठली. "मग त्या बाळाचं काय?"

हा प्रश्न आमच्या दोघांच्या यादीत कुठेच नव्हता. बाळाचे श्वास चुकीचे मोजलेत हे मला माहीत होतं, मी ते सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवलं होतं, आणि बाळाला दारातून जाऊ दिलं होतं. आम्ही दोघांनी त्या मुलीची नजर, देहबोली, वृत्ती सगळं तपासलं होतं. बाळाचे श्वास आमच्यापैकी कोणीही मोजले नव्हते.

"आई जीपला गेली असेल," गावित मॅडम म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. सुमन तोवर दारातून बाहेर पडली होती. मीही धावले. माझ्या वयाला आणि त्या उताराला धावणं शोभत नव्हतं, पण बाजारातल्या बायांनी वाट करून दिली. आमचुराच्या पोत्यांना धक्के देत आम्ही थांब्यावर पोचलो. तिथली पद्धत अशी, की जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली याचा अर्थ ड्रायव्हर ठरवतो. आई मागच्या बाकावर, बाळ पदरात गुंडाळलेलं, आणि ड्रायव्हर अजून दोन माणसांची वाट बघत होता. पुण्यात अशा उशिराबद्दल मी तक्रार केली असती. इथे मला त्याला हार घालावासा वाटला.

आई उतरायला तयार नव्हती. ही जीप गेली तर पुढची कधी, कोणाला ठाऊक. सुमन जीपच्या मागच्या पायरीवर चढून तिच्याशी पावरीत बराच वेळ बोलली. मध्ये एकदा तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. नंतर मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "मी सांगितलं, आमचं चुकलं, या बाई पुण्याहून तेच सांगायला पळत आल्या."

आई उतरली.

परत आलो तेव्हा डॉक्टर दवाखान्याच्या दारात उभे होते. बाहेर युवराजभाऊ हॉर्न वाजवत होते. अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा होता. नियमाप्रमाणे दोन्ही परीक्षकांची हरकत नसेल तर त्याच दिवशी पुन्हा परीक्षा घेता येते. डॉक्टर म्हणाले, "घ्या पुन्हा, लवकर घ्या, घाट उतरायचाय." मूल्यमापनाच्या शास्त्रात युवराजभाऊंच्या हॉर्नला अजून स्थान मिळालेलं नाही, पण त्या दिवशी निर्णय त्यानंच केला.

पळापळीत बाळ जागं होऊन रडू लागलं होतं. "सुरू कर," डॉक्टर म्हणाले.

"रडताना मोजायचं नाही, सर."

हे बरोबर होतं, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. आईनं बाळाला पाजायला घेतलं. आम्ही थांबलो. हॉर्न वाजला, गावित मॅडमनी खिडकीतून युवराजभाऊंना हातानं गप्प केलं. हळूहळू बाळ शांत झालं. सुमननं झबलं वर केलं आणि घड्याळ धरलं. मीही माझं घड्याळ धरलं, आणि तोंड मिटून ठेवलं. मिनिट फार मोठं असतं. त्यात मला चार प्रश्न सुचले, चारही गिळले.

सुमननं आकडा सांगितला. मर्यादेच्या वर. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमचे किती आले, मॅडम?"

"दोन कमी," मी म्हटलं.

"मग परत मोजू."

आणि डॉक्टरांना म्हणाली, "सर, तुम्ही पण मोजा."

डॉ. रणदिव्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला, बाही वर केली आणि त्या खाटेशी वाकले. आम्ही तिघं वाकलो. तिघांचा आकडा मर्यादेच्या वर आला, सुमनचा आणि डॉक्टरांचा अगदी सारखा, माझा पुन्हा थोडा चुकला. डॉक्टर सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मला नवा वाटला. "छाती आत ओढली जात नाहीये, तेवढं बरं आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण थांबवा हिला." दीड दिवसात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं नेमकं वाक्य होतं.

दवाखान्याचे डॉक्टर आले, त्यांनी बाळाला ठेवून घेतलं. सुमन पास झाली. निकाल सांगताना डॉ. रणदिव्यांनी ना आधी कौतुक केलं ना नंतर. "बाळ शांत व्हायची वाट पाहिलीस, पूर्ण मिनिट मोजलंस, शंका आल्यावर परत मोजलंस. पहिल्या वेळी कोणी मधे बोललं तर हात वर करून थांबवायचं होतं. पुढे तसं कर." ती मान हलवून गेली. आभार मानले नाहीत.

परत

घाट उतरताना अंधार पडलाच. डॉक्टर या प्रसंगावर एक व्याख्यान बसवायचं म्हणत होते, शीर्षक इंग्रजीत ठरलंही होतं. नंदुरबारला पोचेपर्यंत त्यांच्या सांगण्यात बाळाला परत बोलवायची कल्पना त्यांची झाली होती. मी दुरुस्त केलं नाही. त्या व्याख्यानाला लॅपटॉप जोडायला मीच असणार आहे, तेव्हा बघू.

मध्यंतरी गावित मॅडमचा फोन आला. बाळ बरं होऊन घरी गेलं, होळीला बाप येऊन त्याला खांद्यावर घेऊन नाचला. सुमन उपकेंद्रात रुजू झाली. शाळेतल्या नव्या मुली शिकायला तिच्याकडे जातात आणि तिच्या आवाजाला घाबरतात. पुढच्या परीक्षेला कोण येणार, असं तिनं विचारलं होतं.

"मी सांगितलं, तुम्ही दोघंच," गावित मॅडम म्हणाल्या.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, चालेल. त्यांना आता मोजता येतं."